आजोबांच्या पोटातली बिऱ्हाडं

मंगळवार, ६ तारीख

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आजोबांचा दात बरा आहे का?" अगं, तो दात काढून चार महिने झाले. कुठल्या कचऱ्यात गेला हे आम्हीही विसरलो, आणि तू अजून त्याची खुशाली विचारतेस. तुला काही सांगणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. म्हणून ही वही. मी बोलणार, काजाबाई लिहिणार, आणि भरली की तुझ्याकडे येणार. मग म्हणायचं नाही की आजीनं सांगितलं नव्हतं.

काजाबाई कोण, हे तरी आठवतंय का? मागच्या खोलीतली भाडेकरू. तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करते. आपल्याकडे राहून अकरा वर्षं झाली. सकाळचं तिचं ती बघते, संध्याकाळी आमच्यात जेवते. अक्षर तिच्या काजांसारखंच, बारीक आणि एकाला एक लागून. मला अक्षर येत नाही, पण चांगलं कोणतं ते दिसतं.

वही खरं तर डॉक्टरीणबाईंनी लावली. आजोबा दिवसातून किती वेळा गेले, पातळ की घट्ट, काय खाल्लं, वजन किती, सगळं रोज लिहायचं. म्हटलं, लग्नाला बावन्न वर्षं झाली, या माणसाच्या मनात काय आहे याची नोंद कुणी मागितली नाही, आणि पोटातून काय आलं याची मागताहेत. तर नोंद. नऊ वेळा. पातळ. मऊ भाताचे चार घास. सेहेचाळीस किलो.

विसरली असशील म्हणून पुन्हा सांगते. दाताला सूज आली, दातवाल्यानं लाल-पिवळ्या गोळ्या दिल्या, सूज उतरली, दात निघाला, आणि पोट बिघडलं ते बिघडलंच. दोनदा दवाखान्यात ठेवलं. औषध चालू असलं की बरं, थांबलं की दहा दिवसांत पुन्हा तेच. आता हे तिसरं. दाढी करताना गुणगुणायचे ते बंद झालंय. आधी मला त्या गुणगुणण्याचा वैताग होता.

बुधवार, ७ तारीख

डॉक्टरीणबाई तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. केसांत पेन खोचते आणि मग टेबलभर पेन शोधते. आज तिनं कागदावर एक घर काढलं, खूप खिडक्यांचं.

म्हणाली, "आजी, आपल्या पोटात असंख्य जंतू राहतात. त्यातले बरेचसे आपल्या कामाचे."

मी म्हटलं, "म्हणजे बिऱ्हाडं."

तिला ते आवडलं. मग पुढे तीही तसंच बोलली. आपण खातो त्यातलं उरलंसुरलं या बिऱ्हाडांचं. त्या बदल्यात ती आपल्याला न पचणारं पचवून देतात आणि गुंडांना दारातून आत येऊ देत नाहीत. आपण काय खातो त्यावर कुठलं बिऱ्हाड वाढणार ते ठरतं, आणि कुठलं बिऱ्हाड वाढलं त्यावर आपली तब्येत. मालकाचं भाडेकरूवाचून चालत नाही, भाडेकरूचं मालकावाचून. आजोबांच्या पोटातली जुनी बिऱ्हाडं अँटिबायोटिकनं उठली, घर ओस पडलं, आणि एक गुंड येऊन बसला. औषध दिलं की तो लपतो, थांबवलं की बाहेर येतो.

अँटिबायोटिक म्हणजे ते बाटलीतून नळीनं थेंबथेंब देतात ते. दोनदा दिलं ना आजोबांना. काजाबाई इथे काहीतरी म्हणत होती, पण मी पुढचं सांगायला घेतलं, नाहीतर मी विसरते. तू माझ्यावरच गेली आहेस.

उपाय असा. निरोगी माणसाच्या पोटातली बिऱ्हाडं आणायची आणि आजोबांच्या पोटात वसवायची. तुझ्या आईनं विचारलं, "आणायची कुठून?" डॉक्टरीणबाई कागदाकडे बघत म्हणाली, "शौचातून. मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून, नळीनं आत सोडतो." तुझ्या आईनं नाकाला रुमाल लावला, जसं काही ते टेबलावरच ठेवलं होतं. आजोबा भिंतीकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "एवढंच ना?"

माझ्या आईकडे गाई होत्या. एखादी रवंथ करायची थांबली, मान टाकून बसली, की आई दुसऱ्या धडधाकट गाईच्या जबड्यात हात घालून तिचा रवंथाचा घास काढायची आणि आजारी गाईला भरवायची. सगळ्याच उठायच्या नाहीत, पण बऱ्याच उठायच्या. ती दुसरी गाय मात्र दिवसभर रागावलेली असायची. डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं आणि ही गोष्ट मला दोनदा सांगायला लावली.

मी तिला विचारलं, ह्यांचा स्वभावही या बिऱ्हाडांमुळे बदलला का? हल्ली बोलत नाहीत, कशात लक्ष नाही. ती म्हणाली, उंदरांमध्ये तसं काही दिसलंय, माणसांचं अजून शोधताहेत, एवढं सरळ नसतं. असो. पण बावन्न वर्षं हा माणूस मला जे बोलला ते त्याचं होतं की भाडेकरूंचं, हे कळलं तर बरं होईल. निम्म्या गोष्टी माफ करता येतील.

आठ वेळा. पातळ.

शुक्रवार, ९ तारीख

द्यायला कोण चालेल, याची यादी केली. काजाबाईनं लिहून काढली. मी, वय जास्त. तुझी आई, आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं. तू, मागच्या महिन्यात तापाला डॉक्टरकडचं औषध घेतलंस म्हणून बाद. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेलं चालत नाही. उरले तुझे वडील.

जावयाकडून कधी काही मागू नये, हे मी आयुष्यभर पाळलं. आणि मागायची वेळ आली ती याची. तुझी आई म्हणाली, मला विचारवणार नाही. मीच फोन लावला.

"जावईबापू, एक वस्तू हवी होती."

"आई, वस्तू कसली, हुकूम करा. गाडी हवी का?"

"गाडीत घालून आणावी लागेल खरी."

मग सांगितलं. पलीकडे इतका वेळ गप्प, की मला वाटलं ते लिफ्टमध्ये अडकले. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, त्यांना त्याची सवय. शेवटी म्हणाले, "बाबांना चालणार असेल तर माझं काय जातं." आणि मग त्यांना स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं, मलाही. फोन ठेवल्यावर मी थोडी रडले. काजाबाईला म्हटलं हे लिहू नकोस. ती म्हणाली, मग सांगता कशाला.

शुक्रवार, १६ तारीख

मधले दिवस सात वेळा, नऊ वेळा, आठ वेळा असे गेले. पंचेचाळीस किलो. मला एका जागी बसवत नाही. कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला नेलं, मग परत आणलं. काजाबाई म्हणाली, कपाटाला चक्कर येईल.

आज तुझे वडील तपासणीचे कागद घेऊन आले. रक्त, शौच, सगळं चांगलं. म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या विषयांत पास झालो." येत्या गुरुवारी, बावीस तारखेला, करायचं ठरलं. तोवर इथेच राहायचं आणि बाहेरचं खायचं नाही.

आजोबांना त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पांघरुणाच्या कडेशी चाळा करत म्हणाले, "हे उपकार मी कसे..."

तुझे वडील म्हणाले, "बाबा, उपकार कसले. रोज फुकटच जातं."

चार महिन्यांत पहिल्यांदा आजोबांच्या मिशा हलल्या. हसले असं म्हणत नाही. हलल्या.

रविवार, १८ तारीख

जावईबापूंचा घसा बसला. काल रात्री पंखा मोठा केला असेल. कुणाला कळू नये म्हणून दिवसभर मानेनंच हो-नाही करत होते. पण जेवताना घास गिळला तेव्हा डोळे मिटले, आणि ते माझ्यापासून लपतं होय. गुरुवारी एवढं मोठं काम, आणि हा माणूस माझ्या घरात आजारी पडतो म्हणजे काय.

माझा बिस्किटांचा डबा काढला. सगळी औषधं त्यातच असतात. मला नावं वाचता येत नाहीत, पण रंग ओळखते. पांढरी चपटी तापाची, गुलाबी अंगदुखीची, हिरवी पित्ताची. आजोबांच्या दाताच्या वेळच्या लाल-पिवळ्या चार उरल्या होत्या. दाताची सूज दोन दिवसांत उतरवली त्यांनी. घसा काय, दाताचा शेजारी. एक सकाळी दिली, एक संध्याकाळी. जावईबापूंनी विचारलं, "आई, ही कशाची?" म्हटलं, "सुजेची." सासूनं दिलेलं जावई नको म्हणत नाही, घेतली. उरलेल्या दोन उद्यासाठी.

काजाबाई लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "आजी, या गोळ्यांचं पाकीट आहे का?" म्हटलं, पाकीट ठेवून मी काय वाचणार होते. लिही पुढे. आज तिचं अक्षर वाकडं आलं असेल तर दोष माझा नाही.

नऊ वेळा.

बुधवार, २१ तारीख

दोन दिवस पान कोरं आहे. कारण सांगते, आणि जसंच्या तसं सांगते.

सोमवारी सकाळी मी जावईबापूंना तिसरी गोळी देत होते. काजाबाई कामावर निघाली होती, ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. म्हणाली, "आजी, ती देऊ नका. आधी डॉक्टरीणबाईंना दाखवूया. मला वाटतं ती तसलीच आहे." जावयासमोर मला शिकवते याचा मला राग आला. म्हटलं, "भाडेकरूनं आपल्या खोलीपुरतं राहावं. दुसऱ्याच्या डब्यात नाक खुपसू नये."

हे मी आता सांगतेय आणि तीच लिहितेय. मी म्हटलं, थोडं मऊ करून लिही. ती म्हणाली, "आजी, असंच म्हणालात ना?" म्हटलं, हो. "मग असंच राहू दे."

ती आपला जेवणाचा डबा उचलून कामावर गेली. संध्याकाळी जेवायला आली नाही. मंगळवारीही नाही. तिच्या खोलीत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. आजोबा किती वेळा गेले ते मी पेन्सिलीनं उभ्या रेघा मारून ठेवलं. सोमवारच्या दहा, मंगळवारच्या अकरा. त्या रेघांकडे बघत बसले. मला डॉक्टरीणबाईनं काढलेल्या त्या घराच्या खिडक्यांसारख्या दिसायला लागल्या. तिसरी गोळी जावईबापूंनी सोमवारीच घेतली होती. चौथी मी डब्यातच ठेवली, का ते माझं मलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

आज सकाळी डबा पिशवीत घातला आणि एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईसमोर तो उपडा केला.

"यातलं बिऱ्हाडं उठवणारं कोणतं?"

तिनं बोटानं लाल-पिवळी बाजूला सारली. एकच होती.

"ही नळीतून देतात ते नाही ना?"

"आजी, अँटिबायोटिक गोळीतही असतं. आजोबांचं पोट यानंच बिघडलं असणार." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "बाकीच्या कुठे आहेत?"

मी सांगितलं. ती पेन शोधत राहिली. पेन केसांतच होतं. मग म्हणाली, "घसा दुखत होता हेसुद्धा मला कळायला हवं होतं. उद्याचं रद्द. त्यांचं आता तीन महिने घेता येणार नाही."

"ह्यांच्याकडे तीन महिने आहेत?"

"मी तसं म्हटलं नाही."

पण नाही असंही म्हणाली नाही.

दवाखान्याच्या पायरीवर बसले. मला वाटलं, न सांगता गप्प बसले असते तर उद्या झालं असतं. मग वाटलं, म्हणजे ओस घरातून आणलेली उपाशी बिऱ्हाडं ह्यांच्या पोटात घातली असती, वर माझ्या हातची तीच गोळी. दोन्हीकडून मीच. नवऱ्याचं घर एकदा दातवाल्याच्या गोळीनं ओस पडलं, त्यात त्याचा काय दोष, त्याला दात दिसत होता. मला तर सांगणारी दारात उभी होती.

जावईबापूंना सांगितलं. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आई, मीच विचारायला हवं होतं." हे ऐकणं शिव्या खाण्यापेक्षा कठीण. मग काजाबाई कामावरून यायच्या वेळेला तिच्या दाराशी जाऊन बसले. ती आली, म्हणाली, "गार फरशीवर बसलात." म्हटलं, "वही कोरी आहे. आणि तुझं खरं होतं." ती आत गेली, हातपाय धुतले, पेन घेऊन आली. आपल्याकडे माफी मागायची रीत एवढीच.

गुरुवार, २२ तारीख

आज जे व्हायचं होतं ते झालं नाही. आजोबांना पुन्हा दवाखान्यात ठेवलं. चव्वेचाळीस किलो.

संध्याकाळी मी पुन्हा यादी सांगायला बसले. म्हटलं, लिही, लेकीचा मावसभाऊ, मग त्या वळणावरच्या घड्याळवाल्याचा मुलगा. काजाबाई लिहीत नव्हती.

"आजी, माझी तपासणी होईल का?"

"तुझी?"

"एकेचाळीस वय आहे. शेवटचं इंजेक्शन सहा वर्षांपूर्वी, सुई बोटात गेली होती तेव्हा. गोळ्या मी घेत नाही." मग वहीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी यादी लिहिताना वाटलं होतं, तुम्ही नाव घ्याल."

नऊ तारखेची ती यादी तिनं लिहिली होती. माझं नाव लिहिलं, लेकीचं, नातीचं, जावयाचं. आणि पेन धरून पाचव्या नावाची वाट बघितली होती. मी तिला म्हटलं होतं, झालं, मीट वही.

डॉक्टरीणबाईला फोन केला. म्हणाली, नक्की आणा. जी माणसं वर्षानुवर्षं एका घरात राहतात, एका भांड्यातलं जेवतात, त्यांच्या पोटातली बिऱ्हाडंही बरीचशी सारखी होत जातात, रक्ताचं नातं असो नसो. तेवढ्यावर भागत नाही, तपासणी लागतेच. पण आणा.

मंगळवार, २७ तारीख

तपासणीचा निकाल नाही. त्रेचाळीस.

दवाखान्याचा बोळ तेवीस पावलांचा. दुसऱ्या टोकाला खिडकी आहे, ती उघडत नाही. मी दिवसभर जाते आणि येते. नर्स म्हणाली, आजी, बसा हो, तुमच्याकडे बघून आम्हाला दमायला होतं.

आजोबा दुपारी म्हणाले, "आता पुरे कर."

"काय पुरे?"

"हे सगळं. लोकांकडे काय काय मागत फिरतेस. मला जाऊ दे."

मी म्हटलं, "अहो, बावन्न वर्षांत तुम्ही मला न विचारता एक हातरुमालसुद्धा घेतला नाहीत. हेही विचारल्याशिवाय करायचं नाही."

त्यांनी डोळे मिटले. हसतील असं वाटलं होतं. मिशा हलल्या नाहीत. मी पुन्हा तेवीस पावलं गेले. हे तुला फोनवर सांगितलं नाही. इथे सांगते, कारण तू वाचेपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. मला भीती वाटते. रिकाम्या घराची नाही. माझ्याच हातांची वाटते. याच हातांनी मी आजवर सगळ्यांना औषध दिलं.

बुधवार, २८ तारीख

काजाबाई पास. उद्या सकाळी. डॉक्टरीणबाई म्हणाली, हिचं पोट पुस्तकात छापण्यासारखं आहे. काजाबाई लाजली. इतकी तर मी लग्नात लाजले नव्हते.

जावईबापू म्हणाले, "माझी सुट्टी झाली म्हणायची." म्हटलं, तीन महिन्यांनी तुमचा नंबर राखून ठेवलाय, पंखा बारीक ठेवा.

गुरुवार, २९ तारीख

सकाळी साडेसातला काजाबाई डबी घेऊन बाहेर आली, पेपरात गुंडाळलेली. कारखान्यात अर्धा दिवस सांगितला होता. दहा वाजता आजोबांना आत नेलं. पाऊण तासात बाहेर आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, बिऱ्हाडं उतरली आहेत, आता सामान लावू द्या त्यांना.

आजोबा झोपलेले. काजाबाई पलंगापासून दूर, दाराला टेकून उभी होती. मी म्हटलं, जवळ ये. म्हणाली, इथूनच दिसतंय.

रविवार, १ तारीख

नवा महिना. सहा वेळा. काल सात होते. डॉक्टरीणबाई म्हणते, घाई करू नका. मी म्हटलं, मी कुठे करते. नर्स तोंड फिरवून हसली.

बुधवार, ४ तारीख

दोन वेळा. घट्ट. काजाबाईनं हा शब्द एवढा मोठा काढला की अर्धी ओळ खाल्ली.

त्रेचाळीस आणि वर थोडं. आठ आठवडे गेल्याशिवाय डॉक्टरीणबाई बरं झालं म्हणणार नाही. पुन्हा उलटूही शकतं, असं तिनं स्पष्ट सांगितलं. बिस्किटांचा डबा तिनं स्वतःकडे ठेवून घेतला. मी मागितला नाही.

दुपारी आजोबांना मऊ भात भरवत होते. दुसऱ्या घासाला म्हणाले, "मीठ कुठे आहे?" तिसऱ्या घासाला म्हणाले, "आणि गार का केलास?" मी वाटी ठेवली आणि बोळात गेले. तेवीस पावलं गेले, तेवीस आले. चार महिन्यांनी नवऱ्यानं माझ्या जेवणाला नावं ठेवली. परत आले तर आजोबा स्वतःच्या हातानं खात होते, चमचा हलत होता, भात पांघरुणावर सांडत होता, आणि काजाबाई त्यांच्या पलंगावर बसून काहीच न बघितल्यासारखी सांडलेली शितं गोळा करत होती. आजोबांनी तिला विचारलं, "तू रोज काय खातेस गं? मला हरभरे खावेसे वाटताहेत." मी फेरीवर आलेल्या डॉक्टरीणबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "आजी, एवढं सरळ नसतं." मी म्हटलं, मी कुठे काय बोलले.

वही संपत आली. परवा तुझे वडील घेऊन येतील. आणि त्यांच्याबरोबर तू मिठाई पाठवायच्या विचारात असशील तर ती तूच खा. नव्या बिऱ्हाडांना साखर नको, टरफलाचं लागतं. सालीसकट हिरवे मूग पाठव दोन किलो, न सडलेली, म्हणजे कोंड्यासकटची ज्वारी, आणि हरभरे, पण अजून महिनाभर फक्त त्यांचं पाणी द्यायचंय, म्हणून थोडेच. काजाबाईची पुडी वेगळी बांधू नकोस. तिघांचं एकाच पिशवीत घाल.